पिकू दे त्याले

पोळा चार दिवसांवर आला होता आणि धुऱ्यावरच्या बाभळीचा काटा माझ्या टाचेत मोडला. चप्पल होती पायात, पण नावालाच. मायनं दिव्याजवळ पाय ओढून सुईनं बराच वेळ कोरलं, टोक काही हाती लागेना. शेवटी गूळ-चुना लावून चिंधी बांधली आणि म्हणाली, "पिकू दे त्याले. पिकलं का आपसूकच बाहीर येते."

तिसऱ्या दिवशी टाच ठणकायला लागली, अंगात कणकण आली, म्हणून तालुक्याला गेलो. धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, रक्ताची तपासणी. रिपोर्टात ठळक अक्षरात होतं : न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ८२ टक्के. एवढंच. मस्टरवर 'मजूर ३०' लिहावं तसं. त्यात निंदणारी कोण, डवरणारा कोण, बांधावर बसून तंबाखू मळणारा कोण, काही पत्ता नाही.

या पांढऱ्या पेशी हाडांतल्या मगजात रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात, आणि रक्तात त्यांचा मुक्काम जेमतेम एखाद्या दिवसाचा. आल्या, जंतू गिळले, मेल्या. सगळ्या एकाच छापाच्या, असंच पुष्कळ वर्षं मानलं जायचं. पण नुकती निघालेली पेशी वेगळी, दिवसभर फिरून जुनी झालेली वेगळी. संसर्ग जोरात असला की मगज कोवळ्या पेशीही पाठवतो. त्यांच्या केंद्रकाच्या पाकळ्या अजून सुटलेल्या नसतात, ते नुसतं घोड्याच्या नालासारखं वाकलेलं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे कुटाराचा ढीग पेटला, तेव्हा सारं गाव धावलं होतं. कोणी बादली घेऊन, कोणी बैलांचे दावे कापायला, कोणी नुसताच ओरडत. त्या गडबडीत शेजाऱ्याचं धडधाकट कुंपण आडवं झालं ते आगीनं नाही, धावणाऱ्यांनीच. सुजेतही असंच होतं. काही न्यूट्रोफिल जंतू गिळतात, काही आपल्याच डीएनएचं जाळं फेकून त्यांना अडकवतात (हे २००४ साली कळलं), आणि त्याच हत्यारांनी आपलं चांगलं मांसही पोळतं. काही मात्र मोडतोड आवरायला हातभार लावतात. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत तर काही पेशी जखमेकडून चक्क माघारी फिरताना दिसल्या आहेत.

मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं १८८२ साली इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या अळीत काटा टोचला होता, गुलाबाचा. सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. बाभळीचा घेतला असता तर अळीच आरपार झाली असती म्हणा. पुढं १९०८ साली त्याला नोबेल मिळालं.

पाचव्या दिवशी मायनं टाच दोन्ही अंगठ्यांत धरून दाबली. पिवळट-हिरवट पू आला. त्यातला बराचसा भाग म्हणजे या मेलेल्या पेशीच, आणि ती हिरवट झाकही त्यांच्याच एका विकराची. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं चिंधीनं सगळं पुसून काढलं होतं. तिच्या नखावर काळं टोक होतं, तिळाएवढं.

"पाह्य बरं," ती म्हणाली, "एवढुसा तं होता."