अक्सब्रिजच्या तळघरातला सेनापती

घरून पाहुणे आले की बकिंगहॅम पॅलेस त्यांचा ते बघतात. मी त्यांना लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनने पार टोकाला, अक्सब्रिजला नेतो. तिथे ७६ पायऱ्या उतरून ६० फूट खाली गेलं की दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश हवाई दलाची नियंत्रण-खोली, मधोमध भलंमोठं टेबल, त्यावर नकाशा. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं ब्रिटनवर चालून येत होती, त्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या वेळी हवाई दलातल्या मुली लांब काठ्यांनी त्यावर जर्मन विमानांचे ठोकळे सरकवायच्या. भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांचा पट्टा लाल, पिवळा, निळा. नकाशावर विमानं दाखवणाऱ्या बाणांचा रंगही त्याप्रमाणेच, म्हणजे कुठली खबर शिळी झाली ते नजर टाकताच कळायचं.

हा कारभार कीथ पार्क यांचा. मूळचे न्यूझीलंडचे, आधी बोटीवर पर्सर म्हणजे हिशेबनीस, मग पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तोफखान्यात. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत जखमी झाले, घोड्यावर बसायला नालायक ठरले, म्हणून वैमानिक झाले! लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं आकाश सांभाळणारा लढाऊ विमानांचा ११ नंबरचा ग्रुप एप्रिल १९४० मध्ये त्यांच्याकडे आला. स्वतःचं हरिकेन लढाऊ विमान घेऊन ते तळावर तळ हिंडायचे.

रडारवर शत्रू दिसल्यापासून हातात मोजकीच मिनिटं. म्हणून पार्क एक-दोन स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, तडक वर पाठवत. शेजारच्या ग्रुपचे ली-मॅलरी म्हणत, आधी मोठा ताफा जमवू, मग तुटून पडू. पण ताफा जमेपर्यंत बॉम्ब पडून गेलेले असायचे, त्याचं काय? १५ सप्टेंबरला चर्चिल इथेच बसून बघत होते. राखीव किती, असं त्यांनी विचारलं. एकही नाही, असं उत्तर मिळालं.

लढाई जिंकली आणि डिसेंबरात पार्क यांची बदली झाली, प्रशिक्षणाकडे. त्यांच्या खुर्चीत कोण? ली-मॅलरी. सरकारी खात्यात उमेदवारी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पार्क यांनी मात्र आपला हेका सोडला नाही. जुलै १९४२ मध्ये भूमध्य समुद्रातल्या माल्टाची जबाबदारी आली, तेव्हा हल्लेखोरांना बेटावर येऊ न देता समुद्रावरच गाठायला त्यांनी स्पिटफायर विमानं धाडली. पुढे १९४५ मध्ये आग्नेय आशियातलं दोस्तांचं हवाई दल त्यांच्या हाताखाली होतं. बर्मात लढणाऱ्या चौदाव्या सैन्याला रसद विमानांनीच जायची, आणि त्यातले बहुसंख्य जवान आपले हिंदुस्थानी.

निवृत्तीनंतर ते ऑकलंडचे नगरसेवक झाले, १९७५ मध्ये वारले. लंडनने वॉटर्लू प्लेसमध्ये त्यांचा पुतळा उभारला तो २०१० साली. पिकॅडिली सर्कसहून चालत पाचेक मिनिटं लागतात.