रुपया संपल्यावरची मोड: माझा अनुभव
दाभोळच्या धक्क्याला फेरीबोट लागली की दुकानावर एकदम दहा-पंधरा गिऱ्हाइकं येतात आणि प्रत्येकाला बोट सुटायच्या आत मोड हवी असते. हिशेब तोंडीच जमला पाहिजे.

मोठं नाणं आधी, ही रीत सगळ्यांनाच येते. १३ द्यायचे तर १०, मग २, मग १. गल्ल्यात २०, १०, ५, २, १ अशी सगळी नाणी असली, तर कमीत कमी नाण्यांत काम होतं. पण रुपयाची नाणी संपली की १० आणि २ देऊन एक रुपया अडतो, आणि हात चॉकलेटच्या बरणीकडे जातो. ते मला पटत नाही, कारण १३ रुपये जमतात: एक पाचाचं आणि चार दोनाची.

हे डोक्यात बसवायला मी एकच गोष्ट बघतो. २, १० आणि २० सम आहेत, विषम फक्त ५. म्हणून रक्कम विषम असेल तर पाचाचं एक नाणं आधी बाजूला काढायचं. सम असेल तर पाचाला हात लावायचा नाही, लावलाच तर दोन काढायची. १६ ला सवयीने १० नंतर ५ उचललं जातं आणि तिथेच गाडी अडते. १० आणि तीन दोनाची दिली की झालं. ११ ला एक पाचाचं, तीन दोनाची. ८ ला चार दोनाची.

न जमणाऱ्या रकमा दोनच, १ आणि ३. तीन परत द्यायचे असतील तर गिऱ्हाइकाकडून दोन मागून घ्यायचे आणि पाच द्यायचे. एक द्यायचा असेल तर चार मागायचे, पुन्हा पाचच द्यायचे.

यात दोनाची नाणी भराभर जातात, म्हणून सकाळी पाचाच्या दुप्पट तरी दोनाची भरून ठेवावीत. आणि १० व २० वेगवेगळ्या वाटीत ठेवा. दोन्ही २७ मिलिमीटरची आणि दुरंगी, फक्त रंग उलटे: दहाची कड पिवळी आणि मध्य पांढरा, विसाची कड पांढरी आणि मध्य पिवळा. पावसाळ्यात वीज गेली की डोळ्यांवर विसंबू नका, कडेवरून बोट फिरवा: विसाला बारा कोपरे लागतात, दहाचं गोल असतं.