कॅलिपर जाम झाला म्हणजे नेमके काय जाम झाले?

ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढून सिमरोलला चहासाठी थांबलो, तेव्हा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता आणि नुसता हात जवळ नेला तरी धग लागत होती. उजवे चाक मात्र कोमट होते. घाट उतरताना चाके तापली असती तर त्यात नवल नव्हते. चढावर ब्रेक फारसा लागत नाही, आणि तरीही एकच चाक एवढे तापले, म्हणजे पाय न लावता तिथला ब्रेक धरून राहिला होता, हे उघड होते. चाक पुरते निवू देऊन, सावकाश गाडी चालवत आम्ही इंदूर गाठले.

पहिल्या गॅरेजात चाक न काढताच निदान झाले: दोन्ही कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही अंगांनी पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) नवे, डिस्कही नव्या. अशा निदानावर माझा विश्वास बसत नाही, कारण ब्रेक धरून राहण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांच्या खर्चात मोठा फरक असतो. बहुतेक लहान गाड्यांत पुढे सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतले पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचे पॅड ओढून घेतो. पाय काढल्यावर पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. पिस्टनला मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग तिथे नसते. तेव्हा पिस्टन गंजला, पिना अडकल्या किंवा ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज पाइप आतून फुगून ऑइल परत येईनासे झाले, तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते.

हे वेगळे ओळखण्याची परीक्षा साधी आहे आणि ती छोट्या ग्वालटोलीजवळच्या एका वयस्क मिस्त्रींनी माझ्यासमोर करून दाखवली. गाडी जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून चाक हाताने फिरवले, ते फिरेना. मग कॅलिपरचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, थोडा सैल केला. या क्षणी चाक मोकळे झाले असते, तर दाब आत कोंडला आहे आणि दोष होज पाइपमध्ये किंवा पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे आहे, असे ठरले असते. ऑइलचे थोडे थेंब आले, चाक मात्र तसेच घट्ट राहिले. म्हणजे दोष कॅलिपरमध्येच होता.

कॅलिपर उघडल्यावर आतले पॅड जवळजवळ संपलेले आणि बाहेरचे बरेच जाड निघाले. कॅलिपर पिनांवर सरकत नसला की सहसा अशीच झीज होते. वरची पिन बोटांनी निघाली, खालची निघता निघेना. तिच्या टोकाला खडखड थांबवण्यासाठी एक रबरी बुश होता आणि तो फुगून भोकात गच्च बसला होता. मागच्या वेळी पॅड बदलताना कोणी तरी तिथे साधे चेसिसचे ग्रीस भरले होते. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकमधले रबर फुगते, तिथे सिलिकोनचे किंवा ब्रेकसाठीच बनवलेले सिंथेटिक ग्रीस लागते, ही गोष्ट ब्रेकचे काम करणाऱ्याला ठाऊक नसावी याचे मला आजही आश्चर्य वाटते. भरीस भर म्हणून पिनेचे रबरी बूट, म्हणजे धूळपाणी रोखणारे आवरण, फाटलेले होते. इंदूरने स्वच्छतेत २०१७ पासून नाव कमावले असले, तरी पावसाळ्यात शहराबाहेर पडले की माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत थापला जातो आणि फाटक्या बुटातून पाणी पिनेपर्यंत सहज पोहोचते.

पिस्टनची तपासणी अर्थातच राहिली होती. ब्रेक ऑइलच्या डबीतून थोडे ऑइल आधी काढून घेतले, कारण पिस्टन मागे दाबला की ते वर चढून सांडते आणि रंग खराब करते. सी क्लॅम्पने दाबताच पिस्टन एकसारखा आत गेला आणि त्याचा बूटही शाबूत होता. तो अडखळला असता किंवा त्याच्यावर गंजाचे खड्डे दिसले असते, तर मीही नवा कॅलिपर घेतला असता. पॉलिश पेपरने घासलेल्या पिस्टनवर भेरूघाट उतरायची माझी तयारी नाही. अडकलेला पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा मारण्याची सवय काही ठिकाणी दिसते. तो गोळीसारखा सुटतो आणि समोरची बोटे जायबंदी करतो, म्हणून ब्रेकच्याच दाबाने तो हळूहळू बाहेर आणणे बरे.

अखेर नव्या पिना, बुश आणि बूट बसले. पॅड मात्र डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे बदलले; एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते. उजव्या पिनांवरही तेच चुकीचे ग्रीस होते, तेव्हा तिथलेही रबर बदलले. डिस्कवर अति तापल्याचे निळसर डाग नव्हते आणि जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा जास्त भरली, म्हणून त्या राहू दिल्या.

ब्रेक ऑइल मात्र मी आग्रहाने बदलून घेतले. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. धरून राहिलेल्या ब्रेकची उष्णता अशा जुन्या ऑइलपर्यंत पोहोचली की त्यात वाफ होते, पेडल मऊ पडते, आणि उतारावर हे घडले तर सावरायला वेळ मिळत नाही.

काम संपल्यावर मिस्त्रींनी गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबायला लावले, कारण मागे सारलेला पिस्टन पॅडपर्यंत येईस्तोवर पहिला ब्रेक लागतच नाही. नंतर बायपासवर एक फेरी मारून दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तेव्हा धग सारखीच होती.