कास्टेबल घेताना सिमेंट विचारा, माझा अनुभव

बॉयलरच्या कमानीचं जुनं कास्टेबल, म्हणजे आग सोसणारं ओतीव काँक्रीटचं अस्तर, फोडणं, ते धरून ठेवणारे अँकर वेल्ड करणं, शटरिंग लावणं हे आमच्या पोरांनी पटापट उरकलं. काम अडलं ते पर्चेसच्या टेबलावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जळगावच्या एमआयडीसीत सरकीच्या तेलाची मिल आहे, तिथला बॉयलर मी सांभाळतो. इंधन बहुतेक पऱ्हाटी. फोडलेल्या तुकड्यांत तपकिरी ठिपके होते, प्रत्येकाभोवती काळी काजळी आणि तिथूनच निघालेले तडे. हे लोहाचं काम. स्वस्त कास्टेबलमध्ये ४० टक्के ॲल्युमिनाचं (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचं) काळपट सिमेंट असतं, त्यात लोहाचं ऑक्साइड भरपूर. पऱ्हाटी ओली असली की दाराशी धूर कोंडतो. ४०० ते ७०० अंशांच्या पट्ट्यात धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे त्या लोहापाशी कार्बन साठत जातो आणि अस्तर आतून फुटतं. म्हणून मला ७० टक्केवालं पांढरं सिमेंट हवं होतं, दाणाही (सिमेंटमध्ये मिसळायची खडी) कमी लोहाचा.

पण फॉर्ममध्ये रकाना एकच, 'ॲल्युमिना टक्के'. तो आकडा सगळ्या मालाचा असतो. दाणा भारी टाकला की आकडा चढतो, सिमेंट कोणतं ते झाकलेलंच राहतं. पर्चेसवाले म्हणायचे, "भाऊ, दोघांनी ४५ च लिहिलंय, मग महाग कशाला घ्यायचं?" विक्रेत्याच्या कागदावर नुसतं 'हायड्रॉलिक बाँड', म्हणजे पाण्याने घट्ट होणारं, एवढंच. फोन केला की, "विचारून सांगतो साहेब." जिनिंगचा सीझन तोंडावर आला, तरी उत्तर नाही. शेवटी फॉर्मवर मीच पेनाने दोन रकाने आखले, चुना (तो सिमेंटमधून येतो) आणि लोह. टेस्ट सर्टिफिकेटवर हे आकडे नसतील तर माल उतरवून घेणार नाही, असं सांगून टाकलं. मग एकाचं सर्टिफिकेट लगेच आलं. माल त्याचाच घेतला.

लो सिमेंट, म्हणजे कमी सिमेंटच्या, कास्टेबलचाही आग्रह झाला. त्यात चुना अडीच टक्क्यांच्या आत, ताकद जबर. पण पाणी जेमतेम ५-६ टक्के, व्हायब्रेटरशिवाय ते बसत नाही आणि वाळवायलाही जपावं लागतं. आमच्यासारख्या मिलने त्या फंदात पडू नये.

घमेली आधी घासून धुवा. बांधकामाचं सिमेंट चिकटलेलं असलं तर माल हातातच आवळतो. उन्हाळ्यात पहाटे ओता, वर ओलं गोणपाट ठेवा. थंडीत ओतलेलं अस्तर दाट बसतं, त्यातून वाफ लवकर निघत नाही. म्हणून पहिली आग अगदी सावकाश, ११० अंशांना थांबा, पुढे ३५० पर्यंत घाई नको.