तिवर ही प्रजाती, ऑलिव्ह रिडले ही जाती

दिवाळीनंतर आमच्या खाडीकाठी लावायच्या माहितीफलकाचा मजकूर माझ्याकडे तपासण्यासाठी आला. त्यात ‘तिवर ही कांदळवनातील महत्त्वाची प्रजाती आहे’ असे एक वाक्य होते, ते मी तसेच राहू दिले. मात्र पुढे ‘ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवाची प्रजाती’ असे होते, तेथे ‘प्रजाती’ खोडून ‘जाती’ असे केले. मजकूर लिहिणाऱ्या तरुणाने साहजिकच विचारले की, एका ओळीत चालणारा शब्द दुसऱ्या ओळीत का चालू नये? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे मला वाटले.

आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी दिलेली असते. म्हणजे प्रजाती हा जातीच्या वरचा, तिला पोटात घेणारा स्तर आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी जी द्विनाम पद्धत रूढ केली, तिच्यातील पहिले नाव प्रजातीचे असते आणि दोन्ही नावे मिळून जाती ठरते. रोमन लिपीत प्रजातीच्या नावाचे पहिले अक्षर मोठे आणि जातीच्या नावाचे लहान लिहितात, त्यामुळे स्तर डोळ्यांना दिसतो. देवनागरीत ही सोय नाही. म्हणूनच मराठीत हा भेद शब्दांनीच सांभाळावा लागतो.

आपल्या खाड्यांत ज्याला सरसकट तिवर म्हणतात, त्यात ॲव्हिसेनिया मरिना आणि ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस अशा दोन जाती प्रामुख्याने येतात. पहिलीच्या पानाचे टोक निमुळते असते, दुसरीचे गोलसर. लोकभाषेतील ‘तिवर’ हा शब्द अशा रीतीने जवळजवळ प्रजातीचेच काम करतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. ऑलिव्ह रिडलेचे तसे नाही. लेपिडोचेलिस या प्रजातीत आज दोन जाती आहेत. त्यांतली वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती ऑलिव्ह रिडले, आणि दुसरी, केम्प्स रिडले, मुख्यत्वे मेक्सिकोच्या आखातातली. कासवाच्या एका जातीला प्रजाती म्हटले की या दोघींमधील सीमाच पुसली जाते.

हा घोटाळा झाला कसा? हिंदी बातम्यांत जातीच्या अर्थाने ‘प्रजाति’ वापरतात आणि तो शब्द तसाच उचलून मराठीत येतो, हे एक कारण मला दिसते. दुसरे कारण अधिक नाजूक आहे: ‘जात’ या शब्दाला आपल्या समाजात जो इतिहास चिकटलेला आहे, त्यामुळे तो लिहिताना हात अडखळतो. हा संकोच मी समजू शकतो. परंतु जीवशास्त्रातील शब्द एकवचनातही ‘जाती’ असाच आहे, ‘जात’ नव्हे, आणि ढोबळ मानाने तो निसर्गात आपसांत प्रजनन करून प्रजननक्षम संतती देणाऱ्या जीवांच्या गटासाठी आहे. एवढे पथ्य पाळले तरी गैरसमजाला फारशी जागा उरत नाही.

आंब्याच्या बाबतीत घोळ आणखी एक पायरी खालून सुरू होतो. हापूस, पायरी आणि परसातला रायवळ हे सगळे मँजिफेरा इंडिका या एकाच जातीचे आहेत. हापूसला प्रजाती म्हणणे तर दोन पायऱ्या वर चढवणे झाले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’लाही शेतीच्या बोलण्यात ‘जात’ म्हणतात. ही रूढी मोडता येणार नाही, पण लिहिताना ‘वाण’ हा आपला जुना, नेमका शब्द वापरावा असा माझा आग्रह आहे.

मासळीबाजारात मात्र अनेकदा शब्द अचूक असतात. इंग्रजीत हलव्याला काळा पापलेट म्हणतात, पण हलवा आणि पापलेट यांची कुळेच वेगळी आहेत, आणि आपल्या कोळणींनी त्यांना पहिल्यापासून वेगळी नावे दिलेली आहेत.

फलकाचा मजकूर आता निश्चित झाला आहे. ‘तिवर’ या प्रजातीच्या नावाखाली तिच्या दोन जातींची नावे येतील आणि शेजारी दोन पानांची चित्रे असतील, एक टोकदार, एक गोलसर.