लेखक: अज्ञात

गेली सहा वर्षं मी बर्लिनला एका लायब्ररीत कॅटलॉगिंग करतेय. जुनं पुस्तक उघडायचं, टायटल पेज बघायचं, रेकॉर्ड तपासायचं, पुढचं घ्यायचं. परवा ट्रॉलीवर एक पातळसं चोपडं आलं, ब्रेस्लाउ शहरात छापलेलं, 1846 चं, नाव 'डी गेस्टिर्ने उंड डी वेल्टगेशिष्टे', म्हणजे तारे आणि जगाचा इतिहास. लेखकाचं नाव कुठेच नाही, आमच्या रेकॉर्डलाही 'अज्ञात'.

सहज दोन पानं वाचली आणि ट्रॉली तिथेच राहिली. सूर्याचा प्रकाश यायला आठ मिनिटं लागतात हे आपण शाळेत घोकलेलं, पण हा माणूस ताऱ्यावर उभा राहून पृथ्वीकडे बघतो! तिथे आत्ता पोचणारा प्रकाश इथून कधीच निघालेला, म्हणजे तिथल्याला आपलं जुनंच दिसणार. बाराव्या प्रतीच्या अंधुक ताऱ्यावरून तर चार हजार वर्षांपूर्वीचं, इजिप्तचं मेम्फिस शहर वसतंय, बायबलमधला अब्राहम फिरतोय. म्हणजे घडलेलं काहीच पुसलं जात नाही, नुसतं लांब लांब जात राहतं. आणि बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्याचं अंतर मोजलं 1838 ला, त्याला जेमतेम आठ वर्षं झालेली. अभिजित ताऱ्याचं अंतर याने बारा प्रकाशवर्षं धरलंय, खरं पंचवीस आहे, पण विचार केवढा पक्का!

पंचवीस वर्षं म्हटल्यावर माझं लक्षच उडालं. तिथून आत्ता कोणी बघितलं तर आमची साताऱ्याची गच्ची दिसेल, आजी जुन्या धोतरावर कुरडया घालतेय, हातात कावळे हाकलायची काठी. आजी जाऊन खूप वर्षं झाली.

मग नाव शोधायला बसले. 1923 ची आवृत्ती निघाली, तिला चक्क आइन्स्टाइनची प्रस्तावना, आणि लेखक फेलिक्स एबर्टी. बर्लिनमधेच जन्मलेला, पेशाने कायदेवाला, त्याच्या लहानपणच्या आठवणींचं पुस्तक इथल्या जुन्या लोकांना माहीत असतं, हे चोपडं मात्र कुणाला ठाऊक नाही. टायटल पेजवर नाव नाही अशी नोंद तशीच ठेवली आणि दोन्ही रेकॉर्ड त्याच्या नावाला जोडून टाकले, सेव्ह करताना हात जरा थरथरला खरं सांगते.

लंच ब्रेकमधे आईला फोन लावला, म्हटलं कुरडया कधी घालायचो गं आपण?

"चैत्रात. का गं, काय झालं?"