आमची वाटचाल: चार मिलिमीटरच्या पायऱ्या

सुरुवात इमारतींच्या मॉडेलपासून झाली. खिडक्या, कठडे, जिने, सगळं हाताने कापायचं. पुढे लेझर कटर घेतला आणि त्या कामाचा कंटाळा संपला. मग शिडाच्या जहाजांच्या ऑर्डर येऊ लागल्या. तिथे मशीनचा उपयोग लाकूड कापण्यापुरताच. दोऱ्यांचं काम हातालाच करावं लागतं.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर म्हणजे श्राउड. त्यांवर आडव्या बांधलेल्या दोऱ्या म्हणजे रॅटलाइन, खलाशांची वर चढायची शिडी. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांत साधारण ३८ सेंटीमीटर अंतर असतं. १:९६ मापात ते जेमतेम ४ मिलिमीटर होतं. आठ श्राउड आणि २५ रॅटलाइन धरल्या तर एका बाजूला २०० गाठी, दोन्हीकडे मिळून ४००. आणि हा झाला एकाच डोलकाठीचा खालचा टप्पा.

मागे रेघा मारलेलं कार्ड लावायचं, दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, चिमट्याने क्लोव्ह हिच, म्हणजे श्राउडभोवती दोन वेढ्यांची गाठ, मारायची, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब सुईच्या टोकाने लावायचा. पुढची गाठ. दोरा जरा जास्त ओढला गेला की बाहेरचे श्राउड आत येतात आणि शिडी मधे डमरूसारखी बारीक होते. म्हणून आम्ही आधी दर पाचवी रॅटलाइन बांधतो, श्राउड सरळ आहेत ना ते बघतो, मगच मधल्या भरतो. डावी बाजू पूर्ण करून उजवीला हात घालत नाही. आलटून पालटून बांधतो, म्हणजे थकलेल्या हाताचा फरक एकाच बाजूला साठत नाही. एका डोलकाठीला शेवटपर्यंत एकच माणूस. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो आणि तो गाठीत दिसतो.

हे काम नवख्याच्या गळ्यात मारायचं नाही, हा आमच्याकडे पहिल्यापासूनचा नियम. नवीन मुलं आधी सरावाच्या चौकटीवर गाठी मारतात, आणि जहाजावर आमचा सर्वांत मुरलेला हात बसतो. कोटेशनमध्येही दोरकामाचे तास वेगळे लिहितो. तयार प्लॅस्टिकच्या शिड्या लावून स्वस्तात द्या, असं कुणी म्हटलं तर ती ऑर्डर आम्ही घेत नाही. ग्राहक काचेला नाक लावून बघतो ते तिथेच, आणि आमची बहुतेक नवी कामं अशा बघणाऱ्यांकडूनच आली.

आता जुन्या मॉडेलच्या दुरुस्तीची कामंही घेतो. त्यांतले सुती दोरे हवेतल्या ओलाव्याने कमी-जास्त ताणले जाऊन सैल पडलेले असतात. ते उतरवून पॉलिस्टरचे बांधतो, पुन्हा पहिल्या गाठीपासून.